पूजेतला काळा गाऊन

बेंगळुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक मुलगी मूळ पुण्याची. एचएसआर लेआउटहून स्कूटरवर चिकपेटेत आली, आमची गल्ली शोधताना दोनदा देवळाला प्रदक्षिणा घालून आली, आणि बसल्या बसल्या म्हणाली, "आज्जी, तुम्ही ग्रॅज्युएशनचे गाऊन रेंटवर द्यायचात ना? त्यावर लिहा ना काहीतरी. थोडं इमोशनल चालेल."

मी म्हटलं, "स्वल्प थांब. रेंटवर द्यायचो हे नंतर. आधी शिवायचो."

आमच्या अव्वा असत्या तर तिला हे इतक्या गोडीत ऐकायला मिळालं नसतं. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. सगळी गल्ली त्यांना अव्वा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. दुकान त्यांचं होतं. मामंजी गेल्यावर त्यांनीच चालवलं. आमचे हे कापायला बसायचे, अव्वा मशीनवर, आणि मी काउंटरवर. काउंटरवर मला का बसवलं, तर माझी शिवण सरळ जात नसे. मी मात्र लोकांना सांगायची, मला इंग्रजी येतं म्हणून.

इंग्रजी म्हणजे काय, तर "यस सर", "साइज प्लीज" आणि "रिटर्न टुमॉरो". तेवढ्यावर मी स्वतःला विद्यापीठाचाच एक भाग समजत असे. नव्वद सालानंतरची ती वर्षं. पदवीदानाच्या आधीचा आठवडाभर पोरं दुकानासमोर रांग लावायची आणि मी प्रत्येकाला परीक्षा घेतल्यासारखं विचारायची, "व्हिच फॅकल्टी?" मी स्वतः दहावीला गणितात आपटलेली, आणि पुन्हा त्या वाटेला न गेलेली. पण हे रांगेतल्या पोरांना कोण सांगणार!

एकदा कुलगुरूंचा झगा आमच्याकडे नवी जर लावायला आला होता. लाल भडक, कडेला सोनेरी पट्टा. दुपारी अव्वा पडल्या होत्या, हे बँकेत गेले होते. मी तो अंगावर चढवला, आरशासमोर उभी राहिले आणि हात उंच करून पदव्या वाटायला लागले. आरशातच मागे अव्वा दिसल्या. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "दहावीचं गणित राहिलंय, आणि बाई कुलगुरू झाल्या." पुढे कितीतरी दिवस माझी आमटी खारट झाली की त्या म्हणायच्या, "कुलगुरूंना सांगा, मीठ जास्त झालंय."

ज्यांनी गाऊन फक्त फोटोत पाहिलाय, त्यांच्यासाठी थोडं सांगते. गाऊन म्हणजे काळा झगा खरा, पण त्याचा सगळा जीव पाठीत असतो. खांद्याखाली एक आडवी पट्टी असते, तिच्यात बारीक चुण्या धरून बसवायच्या. मग माणूस चालला की पाठ कशी घोळदार हलते. चुण्या कमी पडल्या तर पदवीधर कारकुनासारखा दिसतो, जास्त झाल्या तर मच्छरदाणीसारखा. गाऊनवरून गळ्यात घालून पाठीवर सोडतात तो हूड. त्याला आतून रंगीत सॅटिन, ज्या शाखेची पदवी त्या शाखेचा रंग. आणि पुढे गळ्याशी एक छोटं लूप असतं, ते शर्टाच्या बटणात अडकवायचं, म्हणजे हूड मागे घसरत नाही.

ही युक्ती ज्याने कुणी काढली, त्याच्या डोक्यात पदवी फक्त शर्टवाल्यांनाच मिळणार असं होतं. साडीला कुठलं आलंय पुढे बटण? मुलींचे हूड रेशमी पदरावरून मागे सरकायचे आणि लूप गळ्यात रुतायचं. एका हाताने पदवी घ्यायची आणि दुसऱ्या हाताने गळा सोडवायचा, असा सगळा प्रकार.

यावर उपाय काढला इंदूने. इंदू आमच्याकडे काजे-बटण आणि हातशिलाई करायची. दुकानाच्या पायरीवर बसायची, मांडीत काळ्या कापडाचा ढीग, तोंडात दोरा. बोलणं कमी. एक दिवस तिने हूडच्या आतल्या कडेला टिच-बटणाचं एक अंग लावलं आणि गाऊनच्या खांद्यावर दुसरं. दोन्ही खांद्यांवर. टिच, टिच, की हूड जागेवर. अव्वांनी तो हूड ओढून पाहिला, झटकून पाहिला आणि म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. सगळ्यांना लाव." अव्वांच्या तोंडी यापेक्षा मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही. त्या वर्षापासून आमच्या गाऊनना मुलींची रांग वेगळी लागायला लागली.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा किती सांगाव्यात! एका प्राध्यापकांना गाऊनला आतून तपकिरीच्या डबीपुरता खिसा हवा होता. एकाला पदवी मिळायची होती, पण त्याआधी स्थळाला पाठवायला गाऊनमधला फोटो हवा होता. आणि देवनहळ्ळीचा एक मुलगा, समारंभ झाल्यावर गाऊन परत द्यायचा सोडून तसाच बसमध्ये बसून गावी गेला. दुसऱ्या दिवशी उगवला. गाऊनला नाचणीचा भुसा आणि छातीवर हळदीच्या बोटांचे ठसे. मी तोंड सोडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "अक्का, अज्जीला डोळ्यांनी दिसत नाही. हात लावून बघितला तिने." माझ्या तोंडातलं इंग्रजी तिथेच विरलं. अव्वांनी तो गाऊन घेतला आणि मला म्हणाल्या, "स्वतः धू. आणि धुताना ओरडू नकोस."

आता मूळ गोष्टीकडे येते. ती दसऱ्याची आहे.

बेंगळुरात आयुधपूजा कशी असते ते इथल्यांना सांगायला नको. खंडेनवमीला आमच्या दुकानात मशिनी, कातऱ्या, गज, इस्त्र्या, सुयांचे डबे सगळं धुऊन पुसून मांडायचं, शेवंतीच्या माळा घालायच्या, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडायचा आणि गल्लीभर कडलेपुरी, म्हणजे चुरमुरे-डाळं, वाटायची. एकदा पूजेत बसलेलं हत्यार एकादशीला भटजींनी उत्तरपूजा केल्याशिवाय हलवायचं नाही. साधी सुईसुद्धा नाही. दसऱ्याच्या दिवशी कुणाच्या ब्लाउजचं हूक तुटलं तर तिने पदर घट्ट धरून बसावं, ही आमच्या घरची रीत. आख्खी गल्ली शिंप्यांची, त्यामुळे शेजारीही सुई मागायची सोय नाही.

आणि पूजेच्या मधोमध, हँगरवर, एक जुना गाऊन टांगलेला असायचा. मामंजींनी शिवलेला पहिला. कुणा उंच प्राचार्यांसाठी शिवला होता, ते बदली होऊन गेले आणि गाऊन राहिला. तो नमुना म्हणून दाखवूनच पुढची सगळी कामं मिळाली. त्या मापाचा माणूस नंतर दुकानात आला नाही, त्यामुळे तो कधी भाड्यानेही गेला नाही. दर वर्षी अव्वा त्याच्या खांद्याला हळदकुंकू लावायच्या आणि त्याच्यासमोर मामंजींची तक्रार करायच्या.

त्या वर्षी विद्यापीठाने समारंभ नेमका एकादशीला सकाळी ठेवला. दुकान नवमीपासून बंद राहणार म्हणून आम्ही सगळे गाऊन आधीच देऊन मोकळे झालो होतो. फळी रिकामी. थोडे हूड तेवढे उरले होते. मी खुशीत होते. एकही गिऱ्हाईक परत पाठवलं नाही म्हणून दोन दिवस स्वतःची पाठ थोपटत फिरत होते.

दसऱ्याच्या संध्याकाळी इंदू बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला आली. अव्वांच्या पाया पडली आणि पेढा पुढे केला.

"हा कशाचा?"

"पास झाले अव्वा."

"कशात?"

"बी. ए. इतिहास घेऊन." आवाज इतका बारीक, की मला वाटलं दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पत्राद्वारे शिकत होती. रविवारी वर्ग असायचे. आणि दर रविवारी दुपारी ती "भजनाला जाते" म्हणून लवकर सुटायची! अव्वा भजनाच्या नावावर तिला कधी अडवत नसत, उलट विठ्ठलाला वाहायला फुलं द्यायच्या.

"माझी फुलं कुठे जायची गं?" अव्वांनी विचारलं.

"वर्गात सरस्वतीचा फोटो होता. तिला."

अव्वांनी पेढा तोंडात टाकला. मग म्हणाल्या, "बरं. देवांच्या घरातच राहिली म्हणायची."

मला एकदम सुचलं. "अगं, मग समारंभ उद्याच आहे की! तुला बोलावणं आलं असेल."

"आलंय. पण मी नाही जात, अक्का. पदवी पोस्टाने पाठवतात."

"का?"

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. पूजेतल्या गाऊनकडे बघत म्हणाली, "तिथे निम्मी पोरं आपले गाऊन घालून असतील. मला ओळखतात ती. पायरीवरची काजे-बटणवाली. मी पण तेच घालून त्यांच्या रांगेत उभी राहिले, तर हसतील. मला चालेल हो. पण माझी पोरगी बरोबर येणार म्हणतेय. तिच्यासमोर नको."

मी सांत्वन करायला तोंड उघडलं. अव्वांनी हाताने मला थांबवलं.

"हसतील कुणाला? ज्याच्या खांद्याला तुझं टिच-बटण आहे, तो हसला तर हूड गळ्यात येऊन मरेल. सरोजा, गाऊन काढ एक."

"नाहीयेत अव्वा. सगळे गेले." पाठ थोपटणारा माझा हात तेव्हा कुठे ठेवावा ते मला कळेना.

अव्वांनी रिकाम्या फळीकडे पाहिलं, मग पूजेकडे. आणि उठल्या.

आमचे हे घाबरले. "अव्वा, पूजेतलं हलवायचं नाही. तुझीच रीत."

"हत्यार हलवायचं नाही. गाऊन हत्यार आहे का?"

"मग पूजेत कशाला ठेवतेस?"

"तो देव आहे."

"म्हणजे मग तर अजिबातच..."

"कळतं का तुला काही? दसऱ्याला देव कुठे जातो?"

"सीमेवर. पालखीतून."

"सीमा ओलांडून परत येतो ना? मग हाही जाईल. वर्षानुवर्षं एका जागी उभा राहून याचे पाय दुखत असतील."

गाऊन खाली उतरला. इंदूच्या अंगावर घातला, तर आमची इंदू त्यात दिसेनाशी झाली. उंच प्राचार्यांचा गाऊन, आणि ही माझ्या खांद्याला लागणारी. जमिनीवर हातभर कापड लोळायला लागलं. सुई पूजेत, दोरा पूजेत, कातरी पूजेत. एकादशीला भटजी यायच्या आत समारंभ सुरू होणार. पानं द्यायला जमलेली सगळी शिंपी गल्ली एकमेकांकडे बघत उभी, आणि दुमडायला साधा टाका नाही.

एकच वस्तू उरली होती, आणि तिचं नाव आमच्या घरात काढायचं नव्हतं. सेफ्टी पिन. अव्वांचं म्हणणं, शिंप्याच्या घरात पिन म्हणजे सोनाराच्या घरात पितळ. टाका घालायचा आळस असतो, तो पिन लावतो. दुकानात पिन दिसली की त्या उचलून गटारात टाकायच्या.

आता त्यांनीच विचारलं, "कुणाकडे आहे का गं एखादी?"

मग शेजारच्या सुनेने हळूच बांगडीतली काढली. समोरच्या काकूंनी पदराखाली हात घालून दोन काढल्या. मी बराच वेळ छताकडे बघत होते. शेवटी मंगळसूत्र बाहेर ओढलं. त्याला पिनांचा घोस होता, द्राक्षासारखा. मी अव्वांची सून होऊन इतकी वर्षं झाली, पण माझा एकही ब्लाउज टाक्यावर उभा नव्हता.

अव्वांनी तो घोस हातात धरून पाहिला. "कुलगुरूबाई," त्या म्हणाल्या, "तुमचा सगळा कारभार पिनांवर चाललाय होय!"

त्या दिवशी मला प्रथमच माझ्या आळसाचा अभिमान वाटला. सगळ्या बायका गोल बसल्या आणि गाऊन आतून दुमडून पिना लावल्या. एक पिन उरली नाही. हूड घातला, आरशात पाहिलं, छान दिसत होता. इंदू म्हणाली, "अक्का, हा जड आहे." अव्वा म्हणाल्या, "असणारच. जुनं कापड आहे. नीट उभी राहा."

दुसऱ्या दिवशी अव्वाही हॉलमध्ये आल्या. इतकी वर्षं गाऊन शिवले, पण समारंभ त्यांनी कधी पाहिला नव्हता. आम्ही वर गॅलरीत बसलो, बाजूला इंदूची मुलगी. खाली काळं काळं शेत पसरलेलं.

"हे सगळे कावळे आपले?" अव्वांनी मोठ्याने विचारलं. पुढच्या रांगेतल्या बाई वळून बघायला लागल्या.

"बरेचसे आपले."

"खांदे बघ. एक तरी झोळ दिसतो का? आणि तो तिसरा बघ, तो आपला नाही. मच्छरदाणी आहे ती."

पत्राद्वारे शिकलेल्यांची रांग शेवटी आली. प्रत्येकाला नावाने बोलावत होते. इंदू पायऱ्यांपासून चार माणसं मागे होती, तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिच्या हूडला टिच-बटणाचं एक अंग होतं. पण मामंजींच्या जुन्या गाऊनच्या खांद्याला दुसरं कुठून असणार? इंदूने ही युक्ती काढायच्या कितीतरी आधीचा तो गाऊन. आम्ही इतकी शिंपी माणसं, एकाच्याही डोक्यात आलं नाही. हूड तिच्या पाठीवरून सरकत चालला होता आणि लूप गळ्याला लागलं होतं.

"पिन," मी पुटपुटले. माझं मंगळसूत्र मोकळं होतं. सगळ्या पिना तिच्या पायाशी.

अव्वांनी माझा हात धरला. आजही सांगते, त्या हाताला कातरीने पडलेला घट्टा मला तेव्हा रुतला.

इंदूने वर पाहिलं नाही, कुणाकडे मदत मागितली नाही. खाली वाकली, गाऊनची कड उलटी केली आणि एक पिन काढली. न बघता मागे हात नेऊन डाव्या खांद्याला हूड टाचला. मग दुसरी काढली, उजव्या खांद्याला. ज्या हातांनी तिने हजारो खांदे टाचले होते, त्यांना आरसा लागत नव्हता. पण दोन पिना सुटल्या तशी दुमड सुटत गेली आणि पायऱ्यांपाशी तिचं नाव पुकारलं, तेव्हा पुढचं सगळं कापड खाली उतरलं होतं.

आता ही अडखळून पडणार. मी डोळे मिटून घेणार होते.

इंदूने काय करावं? देवळाची पायरी चढताना बाई निऱ्या उचलते ना, तसा तिने डाव्या हाताने गाऊन पुढून उचलला आणि मान वर करून पायऱ्या चढली. स्टेजच्या मधोमध पोचली. पदवी दोन्ही हातांनी घ्यायची असते, म्हणून गाऊन सोडून दिला. ते सगळं काळं कापड तिच्या पायाभोवती गोल पसरलं. बाकीच्यांचे पाय दिसत होते, चपला दिसत होत्या. हिचे नाही. देवीला नेसवलेल्या वस्त्रासारखी ती उभी होती, खांद्यावर अव्वांचं कुंकू. कुलगुरूंनी, खऱ्या हं, थोडं जास्तच वाकून पदवी तिच्या हातात दिली.

कुणी हसलं नाही. खाली आमच्या गाऊनमधल्या मुलींच्या रांगेतून टाळ्या आल्या, आणि एक आवाज आला, "अय्यो, आपल्या टिच-बटणवाल्या इंदक्का!" मग टाळ्या वाढल्या. तिची पोरगी बाकावर चढून ओरडली, "ती माझी आई आहे!" अव्वांनी तिला खाली बसवलं नाही.

घरी पोचलो तर भटजी ताटकळून लाल झाले होते. देवच जागेवर नाही, उत्तरपूजा कुणाची करणार? अव्वा म्हणाल्या, "देव आलाय. ओवाळायचं तबक आण, सरोजा." दारातच त्यांनी गाऊनला ओवाळलं, आत इंदू असलेल्या गाऊनला. भटजी म्हणाले, "अव्वा, हे कोणत्या शास्त्रात?" त्या म्हणाल्या, "ती इतिहास शिकलीय, तिला विचारा."

इंदूचा सत्कार समारंभ म्हणाल तर तो असा झाला. गल्लीत सतरंज्या टाकल्या, केळीच्या पानावर केशरीभात आणि खाराभात, म्हणजे आपला शिरा आणि उपमा. दसऱ्याच्या मिरवणुकीत दमून झोपलेला बँडवाला उठून आला आणि त्याला येत होती ती एकच धून, लग्नाची, वाजवून गेला. इंदूला कापणाऱ्या मास्तरांच्या उंच स्टुलावर बसवलं, म्हणजे आमच्या ह्यांच्या. ती उतरायला बघायची, हे म्हणायचे, "बसा हो बसा, आज कातरी सुटीवर आहे."

इंदूने गाऊन धुवायला म्हणून घरी नेला. आणला तेव्हा नीट घडी घातलेला होता. खांद्यावरचा कुंकवाचा डाग तिने तसाच ठेवला होता. अव्वांनी घडी उलगडली. आतल्या बाजूने कड दुमडून तिने सैल टाके घातले होते, ओढले की सुटतील असे. उंच माणसालाही चालेल आणि ठेंगणीलाही. आणि दोन्ही खांद्यांवर नवी टिच-बटणं.

"आता कशाला?" मी विचारलं. "तुझं तर झालं."

"पुढची कुणी असेल, तिला," इंदू म्हणाली आणि पायरीवर जाऊन बसायला लागली. अव्वांनी ओरडून तिला आत खुर्चीवर बसवलं.

मग अव्वा बराच वेळ तो गाऊन मांडीवर घेऊन बसल्या. बटण लावायच्या, उघडायच्या. टिच. टिच. माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"सरोजा, तुझं ते गणित अजून राहिलंय का गं?"